समोरासमोर ठेवलेले चेहरे

सोन ताय, १५ फेब्रुवारी १९९८

लुआ,

पहिली आली ती मुई. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता ती गल्लीभर सांगत फिरते की हनोईचे पाहुणे तिनेच हाताला धरून आपल्या दारी आणले. खरं म्हणजे ती धावत आली ती मला लपवायला. "नूताई, दार लावून घे. मोटारसायकलवरून दोघं आलेत, दोआन चित्रकाराचं घर विचारतायत. पोरीच्या हातात पांढरे मोजे आहेत. आरोग्य खात्याचे असणार, तुझं डुक्कर बघायला आलेत." मी म्हटलं, डुक्कर तर नव्या वर्षाला कापलं, त्याचा वाटा तूही खाल्लास, आता बघतील काय? तेवढ्यात ते दारातच.

पोरीचं नाव दिएप, पोराचं क्वान. दोघंही लुकडी. चित्रकार मेले की त्यांच्या घरात जे कागद मागे राहतात ते जाऊन बघायचे, झटकायचे, लावायचे, किडीपासून वाचवायचे, हा त्यांचा उद्योग. मी विचारलं, "ते झालं, पण पोटापाण्याचं काय करता?" क्वान म्हणाला, "हेच करतो, आजी." मला आधी खोटं वाटलं. पण दिएपने तुझ्या दादाचं नाव असं घेतलं की मी चहाला आधण ठेवलं. ती म्हणाली, त्याची लाखेची चित्रं मोठ्या इमारतींत लागली आहेत, ती सगळ्यांनी पाहिली, पण ती करण्याआधी तो कागदावर काय काय खरडत होता ते कुणीच पाहिलेलं नाही. मी म्हटलं, मी पाहिलंय. चाळीस वर्षं तेच तर झाडलंय.

चहाबरोबर शेंगदाण्याची चिक्की दिली. दिएपने खाल्ली नाही, हात चिकट होतील म्हणून. क्वानने तिचीही खाल्ली.

मग मी घर दाखवलं. तुला ठाऊक नसेल, तू शेवटची आलीस ती तुझ्या दादाच्या पहिल्या तिथीला, त्यानंतर मी सगळं माझ्या पद्धतीने लावलं. आनंदात असताना काढलेली चित्रं तांदळाच्या रांजणात, तळाला भाजलेले तांदूळ घालून, म्हणजे ओल धरत नाही. रागात असताना काढलेली पलंगाखाली, तंबाखूची पानं पसरून. राग आला की तो बोटी काढायचा, आठवतं ना? सगळ्या बोटी काठापासून सुटलेल्या. आणि चेहरे पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात. मला वाटलं दिएप हसेल. ती हसली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आजी, तो आनंदात होता हे तुम्हाला कसं कळायचं?" मी म्हटलं, "बाई, जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला यायचा." हे तिने लिहून घेतलं. अगं, खरंच लिहून घेतलं, मऊ शिसपेन्सिलीने, कारण शाईचं पेन त्या लोकांना कागदाजवळ आणायची बंदी आहे. त्यांचा नियम असा की जे जिथे सापडलं तिथलंच म्हणून ठेवायचं, मोडून नव्याने लावायचं नाही. म्हणजे माझा तांदळाचा रांजण आता हनोईच्या कागदात आला. मी मुईला सांगितलं तर तिचं तोंड एवढंसं झालं.

आता त्यांचं म्हणणं असं की हे दिवस वाईट. फरशीला घाम सुटलाय, भिंती ओल्या, उदबत्तीसुद्धा नीट पेटत नाही. कागदांना बुरशी धरेल. त्यांच्याकडे कोरडी खोली आहे, तिकडे नेऊ द्या म्हणतात. मी म्हटलं, माझ्या नणंदेला विचारते, ती शिकलेली आहे. आणि म्हटलं, सगळं नेऊ नका, चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात त्याची तिथी येते, त्याला पाठवायला थोडी लागतात. दरवर्षी मी थोडी पाठवतेच. हे ते नीट ऐकत नव्हते, क्वान रांजणात डोकं घालून बसला होता.

तू काय म्हणतेस ते कळव. मी साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढ्यावर लिहिते आहे, लाल पेन घेऊन वाचू नकोस. दा लातला थंडी असेल. पाय गरम ठेव.

नू

&nbsp;

दा लात, २४ फेब्रुवारी १९९८

नू वहिनीस,

पत्र पोचलं. प्रकृती बरी आहे.

एकही कागद देऊ नकोस. तू आल्यागेल्याला चिक्की देतेस आणि विश्वास ठेवतेस, म्हणून स्पष्ट लिहिते. मेलेल्या चित्रकारांची नवीकोरी चित्रं बाजारात येतात, हे मी इथे बसून वाचते. ती कशी येतात? कुणीतरी घरी येतं, गोड बोलतं, कच्ची रेखाटनं घेऊन जातं, आणि त्यावरून वर्षभरात लाखेचं चित्र उभं राहतं, खाली सहीसकट. ती दोघं तशी असतील असं मी म्हणत नाही. नसतील असं तू तरी कशावरून म्हणतेस? हातमोजे कुणीही घालतं.

दुसरं. तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की तिथीला दादाला थोडी चित्रं "पाठवतेस". मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. वहिनी, तू ती जाळतेस का? मुईकडून आणलेल्या, पितरांसाठी जाळायच्या कागदी कपड्यांबरोबर दादाची स्वतःच्या हाताची चित्रं शेगडीत घालतेस का? असं असेल तर ताबडतोब थांबव. तो राष्ट्राचा ठेवा आहे. युद्धाच्या काळात दादा जंगलातल्या छावण्यांमधून हिंडला, तिथल्या मुलांचे चेहरे त्याने काढले, त्यातली कित्येक परत आली नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे फोटोसुद्धा नाहीत. अशा कागदांचं मोल केवळ कुटुंबापुरतं नसतं.

इतकं लिहून पत्र बंद करणार होते.

दादा एकदा मला म्हणाला होता की छावणीत त्याला चोंग भेटला आणि त्याने त्याचा चेहरा काढला. तेव्हा चोंगला, माझ्या नवऱ्याला, घरातून निघून वर्ष झालं होतं आणि बेपत्ता असल्याचा कागद यायचा होता. मी दादाला म्हटलं, मला दाखवू नकोस, तो आला की त्यालाच पाहीन. त्यानंतर दादाने विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्याकडे चोंगचा एकही फोटो नाही, हे तुला ठाऊक आहे.

तो कागद तू जाळलास का, एवढंच कळव. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल.

लुआ

&nbsp;

सोन ताय, ९ मार्च १९९८

लुआ,

आधी तुझं उत्तर, नाहीतर तू पानं उलटत शेवटाकडे जाशील. नाही. चोंगला मी जाळलेलं नाही.

चेहरा मी आजवर एकही जाळलेला नाही. तू मास्तरीण असून हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटतं. आपण जे जाळतो ते तिकडे पोचतं, म्हणून तर जाळतो. मग माणसाचं तोंड शेगडीत घातलं तर कोण पोचेल तिकडे? ती छावणीतली पोरं, त्यातली कोण जिवंत आहेत, कोण नाहीत, मला काय ठाऊक? एखादा कुठेतरी आपल्या नातवंडांना खेळवत बसलेला असायचा आणि इकडे मी त्याला उचलून पाठवायची. मी असलं पाप करणारी नाही. मी त्याला घरं पाठवली, झाडं पाठवली, म्हशी पाठवल्या, दोन-चार बोटी पाठवल्या, त्यासुद्धा काठाला दोरी काढून, म्हणजे परत सुटायला नकोत. दोरी मीच काढली, कोळशाने. वाकडी आली, पण बोट धरून ठेवायला पुरेल.

आता हे ऐक. पहिल्या वर्षी मी रीतीप्रमाणे मुईकडून सगळं आणलं, कागदी सदरा, कागदी सायकल, कागदी रेडिओ. तर तुझा दादा स्वप्नात आला आणि नुसता पाटावर बसून राहिला, हात मोकळे. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, सायकल त्याला आयुष्यात सरळ चालवता आली नाही, आणि रेडिओवरचे लोक फार बोलतात म्हणून तो उठून जायचा. त्याला लागतं ते कुणी पाठवलंच नाही. तेव्हापासून मी चित्रं पाठवायला लागले. पुन्हा स्वप्नात आला नाही, म्हणजे कामाला लागला असणार.

तुझं पत्र परवा आलं, आणि ते दोघं त्याच्या आदल्या आठवड्यातच येऊन गेले होते. त्यामुळे तू देऊ नकोस म्हणालीस तोवर देऊन झालं होतं. रागवायचं तर टपालावर रागव. फरशीवर पाण्याचे थेंब उभे होते, आणि खण उघडला तर आतून मशरूमसारखा वास आला. दिएपचा चेहराच पडला. मीही घाबरले. म्हणून फक्त खणातले चेहरे दिले, रांजण आणि पलंग इथेच आहेत. प्रत्येक कागद मोजून, काय आहे ते लिहून, माझी सही घेऊन, आणि मुईचीही घेऊन, कारण ती उठायलाच तयार नव्हती.

पण त्याआधी काय झालं ते सांगायचं राहिलं. क्वानने पलंगाखालच्या बोटी बाहेर काढल्या आणि विचारलं, "आजी, या एवढ्याच?" मी सरळ सांगितलं, बाकीच्या त्याला पाठवल्या. कुठे म्हणाला. मी शेगडी दाखवली. लुआ, दिएपने मोजे काढले, घडी घातली, आणि मांडीवर ठेवले. क्वान म्हणाला, "आजी, तिथीला पुन्हा?" मी म्हटलं, "न पाठवून कसं चालेल? माझा नवरा आहे तो, तुमचा नाही." चहा निवून गेला.

तोंड उघडलं ते मुईने. तुला माहीतच आहे, मी तिच्याकडून कमी घ्यायला लागल्यापासून तिच्या मनात आहे. ती म्हणाली, "नूताई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा धंदा करते. खरा सदरा कुणी जाळल्याचं पाहिलंस? खरा सदरा कपाटात राहतो. कागदाचा केलेला आगीत जातो, आणि तिकडे गेला की तो खरा होतो. रीतच तशी आहे. तू एकटीच गावात अशी, जी खरं जाळते."

मी म्हटलं, "मग खरं जाळलं की तिकडे काय पोचतं?"

मुई म्हणाली, "ते मला काय विचारतेस? माझ्याकडे खरं मिळतच नाही."

मला तर धस्स झालं. सहा वर्षं तुझ्या दादाला खोट्या म्हशी मिळत असतील की काय? दिएप म्हणाली, "आजी, आम्ही नकला काढून देऊ. यंत्रावर. हव्या तेवढ्या." मुई लगेच म्हणाली, "यंत्रावरच्या का? माझ्याकडे पोरगा आहे, हाताने काढून देईल." आता दोघींचं धंद्यावरून चाललंय, मी मध्ये पडत नाही.

मी मात्र अट घातली. नक्कल नीट हवी. तुझा दादा रेघेला रेघ लागली नाही तर लाखेचा अख्खा फळा पुन्हा घासायला बसायचा, त्याला पुसट काही पाठवलं तर तिकडून परत यायचा.

आता चेहऱ्यांचं. मी ते खणात सुटे ठेवले नव्हते. अंधारात एकेकट्याने किती वर्षं बसायचं? म्हणून मी जोड्या लावल्या, तोंडासमोर तोंड. दोन दोन पोरं एकमेकांकडे बघत. काही म्हाताऱ्यांना मी बायका दिल्या. आणि चोंगसमोर तुला ठेवलं. तुझं ते, नोकरीचा कागद आला त्या दिवशी काढलेलं, वेणी पुढे घेतलेली आणि गाल फुगवलेले, कारण दादा हलू देत नव्हता. मी लग्नात चोंगला पाहिलं होतं, मी ओळखणार नाही तर कोण? मला वाटायचं तू अजून वाट बघतेस. बेपत्ता माणसाचं तोंड तुझ्यापुढे आणलं असतं तर तू म्हणाली असतीस, वहिनीने त्याला देव्हाऱ्यावर बसवायला घेतलं. तू विचारलं नाहीस, मी काढलं नाही. तो तिथेच होता, तुझ्याकडे बघत.

एक वाईट झालं. शिसपेन्सिल आणि कोळसा एकमेकांना चिकटतात, हे मला कळायला हवं होतं. सगळ्या चेहऱ्यांवर समोरच्याची छाप उमटली आहे. दिएप म्हणाली, दमट हवेने कागद चिकटलेत, इथे ओढले तर फाटतील, तिकडे हळूहळू सोडवू. म्हणून तुम्ही दोघं तसेच जोडलेले हनोईला गेला आहात.

रागावू नकोस. ते परत आणून देणार म्हणालेत, दिवस कळवणार आहेत.

नू

&nbsp;

दा लात, १७ मार्च १९९८

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारी झोपते, आज झोपले नाही.

दिलंस ते दिलंस, त्यावर आता बोलत नाही. आधीच्या पत्रात "राष्ट्राचा ठेवा" वगैरे लिहिलं ते खरं आहे, पण त्यासाठी मी लिहिलं नव्हतं, हे तुला कळलंच असेल.

काही गोष्टी विचारते, त्यांचीच उत्तरं दे, मुईचं नंतर लिही. त्याने डोक्यावर काही घातलं आहे का? खूप बारीक झाला होता का? त्याच्या डाव्या भुवईत एक खाच होती, ती दादाने काढली आहे का? दादा चेहरे सुधारून काढायचा नाही ना?

आता कारण सांगते. आपला बाओ पाऊस संपल्यावर लग्न करतो आहे. मुलगी चांगली आहे, दवाखान्यात काम करते. तिच्या घरचे परवा बोलणी करायला आले होते. तिच्या आजीने आमचा देव्हारा पाहिला आणि साधेपणाने विचारलं, "मुलाचे वडील कुठे बसतात?" नवरा-नवरी नमस्कार कुणाला करणार, हे त्या विचारत होत्या. बाओ म्हणाला, "आजी, आमच्याकडे त्यांचा फोटो नाही." असं म्हणाला, जणू वीज गेली आहे म्हणतोय. तीस वर्षांचा झाला, त्याने बापाचं तोंड पाहिलेलं नाही. मी त्याला सांगून ठेवलं होतं की फोटो छावणीत हरवला. खरं म्हणजे कधी काढलाच नव्हता. आम्हाला वेळच मिळाला नाही.

मी एवढी वर्षं देव्हाऱ्यावर त्याला जागा दिली नाही, कारण जागा दिली की संपलं. आता ती जागा द्यायची असं मी ठरवलं आहे. मृत्यूचा दिवस माहीत नाही तेव्हा लोक घरातून निघाल्याचा दिवस तिथी म्हणून धरतात. मीही तोच धरीन. त्या दिवशी तो भात न संपवताच निघाला होता, तेवढं आठवतं.

तर मला तो कागद हवा. फाटला असेल, डाग पडले असतील, तरी हवा. आणि त्या मुलीला सांग, माझी छाप त्याच्या चेहऱ्यावर पडली आहे ती पुसायची की नाही हे मला विचारल्याशिवाय ठरवू नका.

मी येते आहे. दिवस कळव. न्या त्रांगपर्यंत बस आणि पुढे आगगाडी, बाओ सोडायला येईल.

लुआ

&nbsp;

सोन ताय, २६ मार्च १९९८

लुआ,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं, ओळीने. डोक्यावर काही नाही, केस ओले आहेत, विहिरीवरून आल्यासारखे. बारीक झालाय, पण आजाऱ्यासारखा नाही, पोरं त्या वयात असतात तसा. भुवईत खाच आहे. तुझा दादा सुधारून काढायचा नाही, माझं नाक त्याने कसं काढलं ते तू पाहिलंस.

हे मी आठवणीने लिहिलं नाही, काल पाहून लिहिलं. क्वान एकटाच आला होता, तुम्हा दोघांचे खरे कागद दाखवून परत न्यायला, आणि नकला द्यायला. कागद सुटले, लुआ. एकही फाटला नाही. दिएपने बारीक पात्याने, श्वास धरून, एक एक कोपरा सोडवला म्हणे. चार दिवस तिने मांडी घालून तेच केलं, असं क्वान म्हणाला, आणि मग माझ्याकडच्या चिक्कीचा डबा रिकामा केला. दिएपसाठी थोडी आधीच काढून ठेवली होती, ती बांधून दिली, मोजे काढून खायला सांग म्हटलं.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी त्याला वाचून दाखवलं, तुला विचारल्याशिवाय छाप पुसायची नाही ते. मी वाचते तेव्हा वेळ लागतो, तो थांबला. मग म्हणाला, "दिएपताई तेच म्हणते, आजी. ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारल्याशिवाय आम्ही रबराला हात लावत नाही." तर कुणी काही पुसलेलं नाही. चोंगच्या गालावरून खाली तुझी वेणी आली आहे, अगदी फिकी, उलटी. आणि तुझ्या गळ्याशी त्याच्या कॉलरची रेघ. बघितलं तर दिसते, नाही बघितलं तर नाही.

आता नकलांची गंमत सांगते. आधी यंत्राने सगळं काळं काढलं. क्वानने फिकं केलं, पुन्हा फिकं केलं, तेव्हा कुठे चोंगचा चेहरा नीट आला. पण तेवढं फिकं केल्यावर वेणी गेली. यंत्राला ती दिसतच नाही. क्वानला वाईट वाटत होतं, मशीन चांगलं नाही म्हणत होता.

मी मात्र विचार केला. खरा कागद मी कधी जाळणार नव्हतेच, पण समज उद्या माझ्यामागे कुणी जाळला असता तर तूही त्याच्याबरोबर गेली असतीस, वेणीला धरून. आता तसं नाही. नक्कल एकट्याची आहे. तू त्याला देव्हाऱ्यावर बसवलंस, आणि मग त्याला त्याचं तोंड पाठवावं असं तुझ्या मनात आलं, तर ती नक्कल पाठव. तो जाईल, आणि तू इथेच राहशील, बाओच्या लग्नाला. मला हे बरं वाटलं. मुईला सांगितलं तर ती म्हणाली, हेच तर मी केव्हापासून सांगते. तिने काहीच सांगितलं नव्हतं.

नक्कल मी वेगळी ठेवली आहे, देव्हाऱ्याखाली नाही, माझ्या उशीशी. काडी ओढायची की नाही ते तू ठरव. कधीच नाही ठरवलंस तरी चालेल, कागद काही भाकरी मागत नाही.

तुझ्या दादाच्या नकलाही आल्या. म्हशी छान आल्यात. बोटींना दोरी मी पुन्हा काढली, त्यांच्या यंत्रावरच्या कागदावर कोळसा धरत नाही, पेनाने काढली. मुईकडूनही एक कागदी सदरा घेतला, शेजार टिकवायचा असतो. आणि तुझ्या दादाला एक जास्तीचा निरोप पाठवायचा आहे, की आधी ज्या खऱ्या पाठवल्या त्या तिकडे कशा पोचल्या ते स्वप्नात येऊन सांग, मला उगीच चुटपुट लागून राहिली आहे.

येताना जाड काही घेऊन ये, इथे अजून रिमझिम थांबत नाही. बाओला म्हणावं, स्टेशनवर कुणी तरी येईल, मुईचा पोरगा येईल, तो हाताने चित्रं काढतो, वाटेत तेच बोलेल, ऐकून घे.

देव्हाऱ्यासाठी चोंगचा खरा कागद काचेत बसवून आणणार आहेत, आणि तुझाही, त्यांच्या नियमाने शेजारी शेजारी, मध्ये मऊ कागद घालून. दिएप आणि क्वान दोघंही येणार म्हणालेत ते तिथीच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या महिन्याच्या दशमीला, सोमवारी, ६ एप्रिलला.

नू